शेवटच्या फेऱ्या एकाच वेळी खेळवा: लीग चालवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
स्पर्धा समिती, अखिल भारतीय फुटबॉल महासंघ,
तसेच महाराष्ट्र आणि गोव्यातील राज्य, जिल्हा व शहर फुटबॉल संघटनांचे पदाधिकारी

विषय: लीगच्या अखेरच्या फेऱ्यांचे वेळापत्रक आणि रेलिगेशनचे (तळाच्या संघाला खालच्या गटात उतरवण्याचे) नियम

महोदय,

लीग संपायला तीन-चार आठवडे उरले की स्टँडमध्ये हिशेब सुरू होतो. कोणाचे किती सामने राहिले, कोणाशी राहिले, आणि ज्याच्याशी राहिले त्या संघाला अजून कशाची गरज आहे का? विजेतेपदाचा हिशेब वर्तमानपत्रांतही येतो. तळाचा हिशेब प्रेक्षकच करतात, आणि त्यात सगळ्यात जास्त वाद तळातल्या संघांवरून होत नाही. तो होतो त्यांच्यासमोर येणाऱ्या तिसऱ्या संघावरून. हा संघ सातव्या-आठव्या क्रमांकावर बसलेला असतो, त्याला ना वर जाण्याची आशा असते ना खाली जाण्याची भीती. तो जीव तोडून खेळेल का?

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर खेळाडूंच्या हेतूत शोधायची सवय आहे. सामना सैल वाटला की कुजबुज होते, पत्रके निघतात, खिलाडूवृत्तीची आठवण करून दिली जाते आणि पुढच्या वर्षी तेच वेळापत्रक तसेच्या तसे छापले जाते. आमचे म्हणणे असे आहे की अखेरच्या फेरीतली ईर्ष्या बऱ्याच अंशी तुमच्या हातात असते. ती हंगामाआधी नियमपुस्तिकेत आणि ड्रॉच्या (कोण कोणाशी कधी खेळणार याच्या) कागदावर ठरते, मैदानावर फक्त दिसते.

गोव्यातल्या जुन्या प्रेक्षकांना २००४ सालची दुसरी डिव्हिजन आठवत असेल. वरच्या गटात कोण जाणार हे विल्फ्रेड लेझर आणि कुडतरी जिमखाना यांच्यात ठरायचे होते आणि गाडे गोलफरकावर (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) येऊन अडले होते. विल्फ्रेड लेझरने दोना पावला संघाला ५५-१ असे हरवले, कुडतरी जिमखान्याने सांगोल्डा लाइटनिंगला ६१-१ असे. ९० मिनिटांत ६१ गोल म्हणजे दर दीड मिनिटाला एक. जाळ्यातून चेंडू काढायचा, मध्यावर आणून ठेवायचा, शिट्टी व्हायची, पुन्हा गोल करायचा, हे सगळे त्या दीड मिनिटात. गोवा फुटबॉल असोसिएशनने चारही संघांवर वर्षभराची बंदी घातली. ती योग्यच होती. पण बंदी झाली खेळाडूंवर आणि क्लबांवर. ज्या नियमामुळे गोलांना बाजारभाव आला त्या नियमावर फार कोणी बोलले नाही. गोल खाणाऱ्या संघांच्या बाजूने पाहा. एका गोलाने हरले काय आणि साठ गोलांनी हरले काय, शून्य गुणच मिळणार होते. ज्याला स्वतःला काही गमवायचे नाही, त्याच्या गोलरक्षकावर दुसऱ्याचे भवितव्य आपण टांगून ठेवले होते.

म्हणून आमची पहिली मागणी समान गुणांबद्दल आहे. रेलिगेशनच्या किंवा बढतीच्या रेषेवर दोन संघांचे गुण सारखे झाले तर निकाल गोलफरकाने लावू नका, त्यांचा एक सामना खेळवा. इटलीच्या सेरी आ या वरच्या लीगमध्ये २०२२-२३ पासून हा नियम आहे आणि पहिल्याच वर्षी तो वापरावा लागला. वेरोना आणि स्पेझिया दोघांचे ३१ गुण झाले, ११ जून २०२३ रोजी रेज्जो एमिलियाच्या तटस्थ मैदानावर सामना झाला, वेरोनाने तो ३-१ असा जिंकला आणि स्पेझिया खाली गेला. कोणीही तिसऱ्याकडे बोट दाखवू शकले नाही. यासाठी तुम्हाला एवढेच करावे लागेल की अखेरच्या फेरीनंतरच्या पाचव्या किंवा सहाव्या दिवसाची तारीख आणि मैदान हंगामाच्या सुरुवातीलाच राखून ठेवायचे. गरज पडली नाही तर सोडून द्यायचे. आपल्याकडे हे न होण्याचे खरे कारण तेवढेच असते: लीग संपली की मैदान दुसऱ्या स्पर्धेला दिलेले असते आणि बाहेरगावच्या खेळाडूंची परतीची तिकिटे काढलेली असतात.

काहीजण म्हणतील, गोलफरक नको तर आपसातल्या सामन्यांचा निकाल धरा. स्पेनमध्ये तसे आहे आणि गोलफरकापेक्षा ते बरे आहे, कारण तिसऱ्या संघाच्या गोलांना किंमत उरत नाही. पण तोही नियम निर्दोष नाही. २००४ च्या युरो स्पर्धेत आपसातले सामने धरायचा नियम होता, आणि शेवटच्या दिवशी हिशेब असा जुळला की डेन्मार्क आणि स्वीडन २-२ असे बरोबरीत राहिले तर इटलीने काहीही केले तरी दोघेही पुढे जाणार. सामना २-२ असाच सुटला, स्वीडनचा बरोबरीचा गोल ८९व्या मिनिटाला झाला. ते ठरवून झाले असे आम्ही म्हणत नाही. म्हणायचे एवढेच, की नेमका कोणता स्कोअर दोघांनाही पुरतो हे जेव्हा आधीच माहीत असते, तेव्हा प्रामाणिक बरोबरीलाही संशय चिकटतो. वेगळ्या प्लेऑफमध्ये, म्हणजे दोघांच्या एका निर्णायक सामन्यात, ही अडचण येत नाही.

दुसरी मागणी वेळेची. ती सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत जास्त टाळली जाणारी आहे.

२५ जून १९८२, स्पेनमधले हिहोन शहर, वर्ल्डकपचा गट सामना. अल्जीरियाने आदल्या दिवशी चिलीला ३-२ असे हरवून आपले सामने संपवले होते. त्याआधी त्यांनी पश्चिम जर्मनीलाही २-१ असा धक्का दिला होता. आता जर्मनी आणि ऑस्ट्रिया मैदानात उतरले तेव्हा दोघांच्याही खिशात गणित तयार होते: जर्मनी एक किंवा दोन गोलांनी जिंकला की दोघेही पुढे आणि अल्जीरिया बाहेर. पहिल्या दहा-अकरा मिनिटांत जर्मनीच्या ह्रुबेशने गोल केला. उरलेला सामना दोन्ही संघांनी मागच्या मागे पास देत काढला. नियमाचा भंग कुठेच झाला नव्हता, त्यामुळे अल्जीरियाच्या तक्रारीतून काही निघाले नाही. १९८६ पासून वर्ल्डकपच्या प्रत्येक गटाचे शेवटचे सामने एकाच वेळी होतात. इंग्लंडमध्ये अखेरच्या दिवशी दहाही सामने एकत्र सुरू होतात. स्पेनमध्ये शेवटच्या दोन फेऱ्यांत ज्यांच्यावर काही अवलंबून आहे ते सामने एका वेळी ठेवतात.

एकत्र वेळेने नेमके काय बदलते ते एका छोट्या उदाहरणाने दाखवतो. अखेरची फेरी आहे, एकच संघ खाली जाणार आहे. 'क' चे २२ गुण, 'ख' चे २१, 'ग' चे २०. 'क' आणि 'ख' एकमेकांशी खेळणार आहेत, 'ग' चा सामना मधल्या फळीतल्या निर्धास्त संघाशी आहे. 'ग' चा सामना शनिवारी झाला आणि बरोबरीत सुटला तर त्याचे २१ झाले. रविवारी 'क' आणि 'ख' ना ठाऊक आहे की बरोबरी केली की २३ आणि २२, दोघेही सुटले. कोणी कोणाशी बोलायचीही गरज नाही. ७०व्या मिनिटाला ०-० असताना कोणताही प्रशिक्षक बचावपटू आत आणेल. हेच सामने एका वेळी सुरू केले तर 'ग' ने ८८व्या मिनिटाला गोल करून २३ गुण केले की 'ख' ला जिंकण्यावाचून गत्यंतर नाही. ती शक्यता डोक्यावर असेपर्यंत 'ख' ला ०-० वर निवांत बसता येत नाही. खेळाडू तेच, त्यांची नियतही तीच. बदलला तो घड्याळाचा काटा.

हे करायला काय लागते याचा अंदाज तुम्हाला आहेच, तरी लिहून देतो, कारण 'जमत नाही' हे उत्तर आकड्यांविना दिले जाते. दहा संघांच्या लीगमध्ये फेरीला पाच सामने होतात. प्रत्येकी चार पंच धरले तर २० पंच, ५ मॅच कमिशनर (सामन्यावर देखरेख करणारे अधिकारी), ५ रुग्णवाहिका, ५ मैदाने. एवढे पंच एका शहरात नसतील तर शेजारच्या जिल्ह्यातून मागवता येतात. शेवटच्या दोनच फेऱ्यांचा प्रश्न आहे. तेही नको असेल तर ज्या सामन्यांवर काही अवलंबून आहे तेवढेच एकत्र ठेवा. ते शोधायची रीत साधी आहे: प्रत्येक संघाचे आजचे गुण अधिक उरलेले सामने गुणिले तीन, हा त्याचा कमाल आकडा. तळाच्या संघाचा कमाल आकडा ज्याने आधीच ओलांडला तो सुरक्षित. अशा सुरक्षित आणि विजेतेपदातूनही बाहेर पडलेल्या दोन संघांचा आपसातला सामना कोणत्याही दिवशी ठेवा. बाकीचे एकत्र. ही यादी फेरीच्या सात दिवस आधी जाहीर करा.

मैदानावर घोटाळा कुठे होतो तेही सांगतो. पहिला घोटाळा प्रमुख पाहुण्यांचा. एका मैदानावर पाहुणे उशिरा येतात, मग खेळाडूंची ओळख, फोटो, नारळ, आणि किक-ऑफ बारा मिनिटे पुढे जातो. दुसऱ्या मैदानावरचा सामना वेळेवर संपतो आणि इथे शेवटची बारा मिनिटे सगळे माहीत असून खेळली जातात. शेवटच्या दोन फेऱ्यांत सामन्याआधी आणि मध्यंतरात कोणताही सत्कार नको. हवा तर सामना संपल्यावर करा. दुसरा घोटाळा रुग्णवाहिकेचा: ती नसेल तर सामना सुरू करता येत नाही, म्हणून ती तासभर आधी दारात हवी. तिसरा मध्यंतराचा. हरणारा संघ मुद्दाम उशिरा बाहेर येतो. म्हणून सगळे मॅच कमिशनर एका फोन ग्रुपवर हवेत. किक-ऑफच्या १५ मिनिटे आधी प्रत्येकाने 'तयार' म्हणायचे, एकही तयार नसेल तर बाकीच्यांनी ठरलेल्या मर्यादेपर्यंत, समजा २० मिनिटे, थांबायचे. दुसरा हाफही तसाच एकत्र सुरू करायचा. संघ उशिरा आला तर दंड किती हे आधी छापलेले असावे. आणि चेंडू. यजमान संघ पुढे असला की बाहेर गेलेला चेंडू परत येत नाही, हे आपल्या मैदानांवर नवीन नाही. किमान सहा चेंडू मैदानाभोवती ठेवा आणि बॉलबॉय यजमान क्लबचे नकोत, संघटनेचे हवेत. भरपाईचा वेळ प्रत्येक मैदानावर वेगळा असणारच, तो जुळवायचा प्रयत्न करू नये. तेवढा फरक चालतो.

कोल्हापूरची अडचण वेगळी आहे हे आम्ही जाणतो. तिथे शाहू स्टेडियम हेच लीगचे घर आणि पेठांचा सगळा जोर एकाच मैदानावर. तिथे शेवटची फेरी एकाच वेळी खेळवायची तर दुसरे मैदान लागेल आणि तिथे गर्दी मावणार नाही, अशी भीती रास्त आहे. तरी शेवटच्या फेरीतला एक सामना दुसऱ्या मैदानावर न्यावा असे आमचे स्पष्ट मत आहे. जागा कमी पडेल, काही प्रेक्षक नाराज होतील. पण दिवसभरात दुसरा सामना खेळणाऱ्या तालमीच्या संघाला पहिल्या सामन्याचा निकाल हातात मिळतो, आणि त्यावरून वर्षभर पेठेपेठेत होणारे वाद त्या नाराजीपेक्षा महाग पडतात. तेही जमत नसेल तर निदान ड्रॉ करताना मागल्या हंगामातले तळाचे संघ शेवटच्या फेरीत एकमेकांसमोर येतील अशी मांडणी करा. दोघांनाही गरज असली की तिसऱ्याच्या मर्जीचा प्रश्न बराच कमी होतो.

तिसऱ्या संघाच्या मनाविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण 'काही अडलेले नाही म्हणजे ढिलाई' हा हिशेब अनेकदा चुकतो. १५ मे २००५ चा इंग्लंडमधला अखेरचा दिवस याचा सगळ्यात स्वच्छ नमुना आहे. सकाळी नॉर्विच ३३, साउदॅम्प्टन ३२, क्रिस्टल पॅलेस ३२, वेस्ट ब्रॉम ३१. चौघांतला एकच वाचणार. चौघांसमोरच्या चार संघांना, म्हणजे फुलहॅम, मँचेस्टर युनायटेड, चार्ल्टन आणि पोर्ट्समथ यांना, लीगमध्ये मिळवण्यासारखे काही राहिले नव्हते. युनायटेडचा तर सहा दिवसांवर एफए कपचा अंतिम सामना होता. फुलहॅमने नॉर्विचला ६-० असे झोडले. साउदॅम्प्टनला आघाडी मिळूनही युनायटेडने सामना २-१ असा काढला. चार्ल्टन आणि पॅलेस हे दक्षिण लंडनचे शेजारी. पॅलेस २-१ असा पुढे होता आणि वाचलाही असता, पण ८२व्या मिनिटाला चार्ल्टनच्या फॉर्च्यूनने हेडरने बरोबरी साधली. राहिला वेस्ट ब्रॉम. त्यांनी पोर्ट्समथला २-० असे हरवले आणि ख्रिसमसला तळाशी असूनही प्रीमियर लीगमध्ये टिकणारा पहिला संघ ठरले. त्या सामन्याला आलेले पोर्ट्समथचे प्रेक्षक वेस्ट ब्रॉमच्या वाचण्याने खूश होते, कारण खाली जात होता त्यांचा सख्खा वैरी साउदॅम्प्टन, आणि त्याचे मॅनेजर हॅरी रेडनॅप त्याच हंगामात पोर्ट्समथ सोडून तिकडे गेले होते. वेस्ट ब्रॉमचा दुसरा गोल करणारा किरन रिचर्डसन हा युनायटेडकडून उसना घेतलेला खेळाडू होता.

या एका दुपारी सगळे मासले मिळतात. शेजाऱ्याशी असलेले वैर गुणांपेक्षा मोठे प्रोत्साहन ठरते, हे चार्ल्टनने दाखवले. निर्धास्त संघ मोकळेपणाने खेळून अधिक धोकादायक होतो, हे फुलहॅमने. मोठ्या क्लबच्या राखीव खेळाडूंनाही संघातली जागा मिळवायची असते, त्यामुळे कप फायनल तोंडावर असूनही ते हातचे राखत नाहीत. आणि प्रेक्षकांना हार हवी असली तरी खेळाडू तिथे विकले गेले असे होत नाही. इटलीत लाझिओच्या प्रेक्षकांनी मे २०१० मध्ये आपल्याच मैदानावर इंटरच्या गोलांना टाळ्या वाजवल्या, कारण इंटर हरला असता तर विजेतेपद त्यांच्याच शहरातल्या वैऱ्याकडे, रोमाकडे, झुकले असते. प्रेक्षकांचे वैर ही वेगळी गोष्ट आहे, तिला नियम लावता येत नाही आणि लावूही नये.

नियम लावता येतो तो संघनिवडीला, असे अनेकांना वाटते. ५ मे २००७ रोजी लिव्हरपूलने चॅम्पियन्स लीगची फायनल डोळ्यासमोर ठेवून फुलहॅमविरुद्ध बराच बदललेला संघ उतरवला आणि १-० असा हरला. फुलहॅम ३९ गुणांवर वाचला. आठवड्याने वेस्ट हॅमने विजेत्या मँचेस्टर युनायटेडला ओल्ड ट्रॅफर्डवर १-० असे हरवले, तिथेही युनायटेडने काही मुख्य खेळाडू बाकावर ठेवले होते. शेफिल्ड युनायटेड मात्र घरच्या मैदानावर विगनकडून २-१ असा हरून ३८ गुणांवर अडकला आणि खाली गेला. विगनचेही ३८, गोलफरकात एकाचा फरक. विगनचा विजयी पेनल्टी मारणारा डेव्हिड अन्सवर्थ जानेवारीपर्यंत शेफिल्डचाच खेळाडू होता. पुढे इंग्लंडमध्ये कमकुवत संघ उतरवल्याबद्दल वुल्व्ह्ज आणि ब्लॅकपूल या क्लबांना प्रत्येकी २५ हजार पौंडांचा दंड ठरला. आमच्या मते हा रस्ता पुढे जात नाही. कोण दुखावलेला, कोण दमलेला, कोणाला विश्रांती हे बाहेरून ठरवता येत नाही. नोंदणी झालेला प्रत्येक खेळाडू खेळायला पात्रच असतो. त्याऐवजी सातव्या आणि नवव्या स्थानात बक्षिसाचा खरा फरक ठेवा. प्रीमियर लीगमध्ये एक जागा वर-खाली होणे म्हणजे लाखो पौंडांचा फरक असतो, म्हणून मधल्या फळीतला क्लबही शेवटचा सामना मोडीत काढत नाही. आपल्याकडे पहिल्या दोघांना रक्कम आणि बाकीच्यांना सहभागाचे प्रमाणपत्र असते. तीच रक्कम दहा स्थानांवर उतरत्या क्रमाने वाटली तर एक पैसाही जास्त लागत नाही.

बाहेरून येणाऱ्या बक्षिसावर मात्र पूर्ण बंदी हवी, जिंकण्यासाठी दिलेल्यावरसुद्धा. शेवटच्या आठवड्यात 'त्यांना हरवलेत तर आमच्याकडून इतके' असा निरोप तिसऱ्या संघाकडे जातो आणि अनेकांना त्यात वावगे वाटत नाही. जिंकायलाच तर सांगतोय. स्पेनमध्ये या छोट्या बॅगेला 'मालेतीन' म्हणतात. २०१३-१४ च्या ओसासुना क्लबच्या प्रकरणात बेटिस क्लबच्या खेळाडूंना एका सामन्यात तळातल्याच वायादोलिदला हरवण्यासाठी आणि पुढच्या सामन्यात खुद्द ओसासुनाकडून हरण्यासाठी पैसे दिल्याचे समोर आले, २०२० मध्ये त्यात शिक्षा झाल्या. ओसासुना तो सामना जिंकूनही खालीच गेला. देणारे तेच आणि घेणारेही तेच. जिंकण्याचे पाकीट ज्या दाराने आत येते, हरण्याचे पाकीटही त्याच दाराने येते. नियमपुस्तिकेत दोन ओळी पुरे: स्वतःच्या क्लबव्यतिरिक्त कोणाकडूनही रक्कम वा वस्तू स्वीकारता येणार नाही, आणि तसा निरोप आल्यास ४८ तासांत संघटनेला कळवायचे.

आता खास महासंघासाठी. आपल्याकडे एक प्रकार असा आहे की ज्यात संघ पहिल्या फेरीपासूनच निर्धास्त असतो: रेलिगेशनमधून सूट. २०१४-१५ च्या आय-लीगमध्ये (तेव्हाची राष्ट्रीय लीग) पुण्याचा भारत एफसी शेवटचा आला, पण थेट प्रवेश मिळालेला नवा क्लब म्हणून त्याला सूट होती. त्याच्या वरचा डेम्पो, पाच वेळचा राष्ट्रीय विजेता, खाली गेला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. नऊ संघांत डीएसके शिवाजीयन्स नववा आला, त्याला सूट; आठवा आलेला ऐझॉल एफसी खाली. मग गोव्याच्या क्लबांनी लीग सोडली, जागा रिकामी झाली, ऐझॉलला परत घेतले, आणि त्याच ऐझॉलने ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये १-१ अशी बरोबरी करून आय-लीग जिंकली. प्रशिक्षक होते खालिद जमील, ज्यांनी त्याआधी वर्षानुवर्षे मुंबई एफसीला तळातून वाचवले होते. ते गेल्यानंतरच्या त्याच हंगामात मुंबई एफसी शेवटचा आला आणि तो क्लब पुन्हा उभा राहिला नाही. ऐझॉलची गोष्ट सगळ्यांना आवडते. पण तिच्यातला दोष झाकू नये: विजेता होण्याची कुवत असलेला संघ आदल्या वर्षी नियमाने बाहेर गेला होता आणि आत आला तो दुसऱ्यांच्या माघारीमुळे. सूट मिळालेला संघ आपले सामने हरला तरी त्याचे काही बिघडत नाही, पण ज्या संघाशी तो एप्रिलमध्ये खेळतो त्याला तीन गुण स्वस्तात मिळतात आणि ज्याच्याशी डिसेंबरमध्ये खेळला त्याला मिळत नाहीत. नव्या क्लबला आर्थिक संरक्षण द्या, प्रवेश शुल्कात सवलत द्या, प्रवासखर्च द्या. गुणतक्त्यातून सूट नको.

आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) ही सूट सगळ्यांनाच होती. २०१४ ते २०२४-२५ या अकरा हंगामांत तिथून एकही संघ मैदानावरच्या निकालाने खाली गेला नाही. २०२३-२४ मध्ये हैदराबाद ८ गुणांवर तळाशी, २०२४-२५ मध्ये मोहम्मेडन तळाशी, दोन्ही वेळा पुढे काही नाही. मार्चमधले तळाचे सामने रिकाम्या खुर्च्यांसमोर का होतात याची कारणे तिकिटांच्या दरात शोधत बसू नका. रेलिगेशन लगेच सर्वांना लावणे अवघड असेल तर जर्मनीतला मार्ग आहे: वरच्या लीगमधला खालून तिसरा आणि खालच्या लीगमधला तिसरा यांच्यात दोन सामन्यांची लढत. आपल्याकडे आयएसएलचा शेवटचा संघ आणि खालच्या लीगचा दुसरा, इतक्यावर सुरुवात करता येईल.

लीगचे दोन भाग करण्याचा पर्यायही पाहावा. स्कॉटलंडमध्ये १२ संघ ३३ सामने खेळतात, मग वरचे सहा आणि खालचे सहा वेगळे होऊन आपसात आणखी पाच सामने खेळतात. आपल्या १२ संघांच्या राज्य लीगमध्ये एकेरी साखळीचे ११ सामने आणि मग पाच, म्हणजे संघाला १६ सामने, एकूण ९६. खालच्या सहांत निर्धास्त संघ एखाद-दुसराच उरतो. यात खोट एवढीच की सातवा संघ शेवटी सहाव्यापेक्षा जास्त गुण मिळवूनही सातवाच राहतो, आणि पाच सामन्यांत काहींना घरचे तीन, काहींना दोन मिळतात. तटस्थ मैदाने असलेल्या शहरी लीगला ही दुसरी अडचण नाहीच.

तक्रारींची मुदत हा शेवटचा मोठा मुद्दा. अपात्र खेळाडू, चुकीची नोंदणी, चार पिवळी कार्डे होऊनही खेळवलेला बचावपटू, या तक्रारींचा निकाल शेवटच्या दोन फेऱ्यांआधी लागलाच पाहिजे. २०२४-२५ ची आय-लीग ६ एप्रिलला संपली आणि विजेता ठरला १८ जुलैला, स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादात. तोवर चर्चिल ब्रदर्सला चषक देऊन झाला होता. लवादाने विजेतेपद इंटर काशीला दिले. वाद खेळाडूंच्या पात्रतेचा आणि नोंदणीचा होता. शिखरावर जे झाले ते तळाशी झाले तर अधिक वाईट, कारण कोणाला किती गुण हवेत हेच माहीत नसताना दोन्ही संघ खेळतात. सामन्यानंतर ४८ तासांत तक्रार, दहा दिवसांत पहिला निकाल, आणखी दहा दिवसांत अपील, आणि शेवटच्या तीन फेऱ्यांसाठी या मुदती निम्म्या. तक्रारीची वाट न पाहता संघटनेच्या कार्यालयाने प्रत्येक फेरीनंतर कार्डांची आणि नोंदणीची तपासणी स्वतः करावी. एका माणसाचे दोन तासांचे काम आहे.

वॉकओव्हरबद्दल थोडक्यात. शेवटच्या तीन फेऱ्यांत संघ आला नाही तर प्रतिस्पर्ध्याला ३-० देऊन प्रकरण मिटवू नका, न आलेल्या क्लबचे पुढच्या हंगामातले सहा गुण आधीच कापा. आणि एखाद्या क्लबने मधेच माघार घेतली तर नियम एकच असावा: निम्म्याहून कमी सामने झाले असतील तर त्याचे सगळे निकाल रद्द, निम्मे वा जास्त झाले असतील तर उरलेले सामने ३-० धरायचे. हा निर्णय माघारीनंतर बैठकीत घेतला की जो संघ बैठकीत नाही त्याचे नुकसान ठरलेले.

यातल्या समान गुणांचा प्लेऑफ, एकत्र वेळ, तक्रारींची मुदत आणि सूट रद्द या चार गोष्टी येत्या हंगामाच्या ड्रॉआधी नियमपुस्तिकेत छापून, मराठीत, क्लबांना आणि मैदानाच्या फाटकावर लावायला द्याव्यात. बाकीच्या गोष्टींवर क्लबांची बैठक बोलवा. प्रेक्षकांतर्फे दोघांना बसू द्या. गुणांचे तक्ते आम्ही घेऊन येऊ.

आपले,
तळाच्या गुणतक्त्यावर नजर ठेवणारे फुटबॉलप्रेमी